कल्याणच्या मुलीला विचारलेले सहा प्रश्न



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सोडून काहीही लिही, आठवणींचे लेख आता ठेवायला जागा नाही." म्हणून इतिहासाकडे वळते. फार लांबचा नाही, आपल्याच गावातला. दहावीपर्यंत आपण आनंदीबाई जोशी यांच्याबद्दल जेमतेम एका गुणापुरतं शिकलो. रिकामी जागा भरायची, पुढच्या प्रश्नाकडे जायचं. त्या कल्याणात वाढल्या, हे आपण जरा ताठ मानेने सांगायचो, तेवढंच. त्या जहाजावर चढल्या त्याआधी काय घडलं, हे मी वाचलं नोकरीला लागल्यावर. तेव्हापासून ही गोष्ट आपल्या तुकडीला सांगायची राहून गेली होती.

दिवस २४ फेब्रुवारी १८८३. ठिकाण बंगालमधलं श्रीरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठावरचं. गोपाळराव जोशी तिथे पोस्टमास्तर होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात त्यांची पत्नी इंग्रजीत भाषण करायला उभी राहिली. तिला अठरावं वर्ष पुरं व्हायला अजून महिनाभर होता. विषय होता, मी अमेरिकेला का जाते. महिनोन्‌महिने ओळखीचे, अनोळखी, हितचिंतक आणि टवाळ असे सगळे तिला जे विचारत होते, त्याचे तिने सहा प्रश्न केले आणि एकेकाचं उत्तर दिलं. प्रश्न साधारण असे:

१. अमेरिकेला कशासाठी जायचं?
२. इथे, हिंदुस्थानात, शिकायची सोय नाही का?
३. एकटी का जातेस?
४. परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर?
५. तिकडे काही बरंवाईट झालं तर?
६. आजवर कुठल्या बाईने जे केलं नाही, ते तूच का करायचं?

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तारीख पुन्हा तपासून पाहिली. चौथा प्रश्न सोडला, तर उरलेले पाच कुठल्याही मराठी घरात आजही जेवणाच्या पानावर विचारले जातात.

आधी पार्श्वभूमी. माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झालं ते वीसेक वर्षांनी मोठ्या गोपाळरावांशी. ते पोस्टात नोकरीला, विक्षिप्त आणि तापट. बायकोला शिकवायचं या एका ध्यासापायी त्यांनी तिच्यावर हातही उगारला, हे लपवून ठेवण्यासारखं नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि बाळाला वेळेवर औषधपाणी मिळालं नाही. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हा त्यांचा हट्ट त्या दुःखातून आला.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुरातून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरांनी धर्मांतराची अट सुचवली, ती जोशी दांपत्याने मानली नाही. पण तो पत्रव्यवहार वाइल्डरांच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो अंक दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत असताना चाळला, आणि त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परदेशात पाऊल ठेवण्याआधी तिथलं एक घर ओळखीचं झालं होतं. धीर एकटीच्या छातीत निर्माण होतो असं आपण म्हणतो; इथे तो टपालाने थोडाथोडा येत होता.

आता समुद्राबद्दल. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत धरला आहे, आणि पुढे कलियुगात जे करू नये त्या 'कलिवर्ज्य' यादीतही तो आला. सिंधुबंदी म्हणतात ती हीच. गंमत अशी, की आपलं कल्याण बंदर म्हणूनच नावाला आलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याणचं नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात इथल्याच खाडीच्या परिसरात झाली. दुर्गाडीवर सहलीला जाऊन आपण डबे खाल्ले ते याच खाडीकडे तोंड करून. ज्या गावाने शतकानुशतकं समुद्रावर पोट भरलं, तिथल्याच घरांत पुढे समुद्र ओलांडणं हे पाप ठरलं. बंदी शास्त्रात जुनीच होती. पण ती कुणी पाळायची आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे प्रत्येक काळातले लोक ठरवत आले.

श्रीरामपूरला आनंदीबाईंनी दिलेली उत्तरं त्यांच्या शब्दांत देत नाही, सार सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. वैद्यक शिकायला, कारण पुरुष डॉक्टरसमोर जायला लाजणाऱ्या बायका विनाउपचार मरतात. दुसऱ्याला त्यांनी माहितीने उत्तर दिलं. मद्रासला मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना प्रवेश होता, ते त्यांना ठाऊक होतं. पण तिथलं शिक्षण अपुरं आणि शिकवणारे जुन्या वळणाचे असल्याचं त्यांचं मत होतं. शिवाय ख्रिस्ती किंवा ब्राह्मो मुलीला निदान तिच्या समाजाचा आधार असतो. धर्म न बदलता शिकू पाहणाऱ्या हिंदू बाईला मात्र रस्त्यात कसं वागवतात, हे त्यांनी मुंबई-कलकत्त्याचे स्वतःचे अनुभव देऊन सांगितलं.

तिसरा प्रश्न अवघड होता. आधीचा बेत दोघांनी जाण्याचा होता. पण गोपाळरावांच्या मागे म्हातारे आईवडील आणि लहान भाऊ होते, त्यांचं पोट त्या पगारावर. म्हणून एकटी. यात शौर्याचा आव नाही, घरखर्चाचं गणित आहे. सहाव्याला त्यांनी विचारलं, की पूर्वी कुणी केलं नाही म्हणून एखादं चांगलं काम करूच नये का? समाजाचं आपल्यावर देणं आहे, ते बाईवरही आहे.

चौथ्याला त्यांनी जाहीर वचन दिलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. आहार आणि पेहराव बदलणार नाही. ७ एप्रिल १८८३ ला, अठरा वर्षं पुरी होऊन आठवडा झाला असताना, त्यांनी कलकत्त्याहून जहाज धरलं. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचं कुणी नव्हतं. ४ जूनला न्यूयॉर्क आलं.

हे वचन त्यांनी पाळलं आणि त्याची किंमत मोजली. फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहारावर, लुगड्यावर, अपुऱ्या उबेच्या खोलीत राहून त्या शिकल्या. थंडी सोसेना तेव्हा लुगडं गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, एवढाच बदल. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, अठरा वर्षांचा मोहनदास गांधी मुंबईहून इंग्लंडला निघाला, तेव्हा त्याच्या मोढ वाण्यांच्या पंचायतीने त्याला जातीबाहेर टाकलं आणि त्याला निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. त्यानेही आईला मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य करण्याचं वचन दिलं होतं. पण लंडनमध्ये त्याला शाकाहारी खाणावळ सापडली. परतल्यावर भावाने त्याला नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं, राजकोटला जातभोजन घातलं. वचन, प्रायश्चित्त, जेवणावळ. जाणाऱ्याला आणि घरच्यांना एकमेकांना न सोडता पुढे जाता यावं, म्हणून काढलेल्या या वाटा होत्या. आज त्या आपल्याला हास्यास्पद वाटतात. पण मुलाला चकलीचं पीठ, गोडा मसाला आणि गणपतीचा फोटो देऊन विमानात बसवणारे आपण फार वेगळं काय करतो?

चौथ्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील वारले होते, मागे कुटुंब होतं, हाताशी पैसा नव्हता. मात्र जाती बाहेर टाकेल ही भीती त्यांना कुणी घालणार नव्हतं, कारण आत घेतलंच नव्हतं. कोलंबिया विद्यापीठात त्यांना पहिल्यांदा बरोबरीने बसता-उठता आलं. करार पाळायला १९१७ मध्ये बडोद्याला परतले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला घर मिळेना. पारशी म्हणून एका धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. 'परत आल्यावर काय होईल?' हा प्रश्न आपण जाणाऱ्याला विचारतो. तो खरा परत घेणाऱ्यांना विचारायचा असतो.

राहिला पाचवा. बरंवाईट झालं तर?

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाईही १८८३ मध्येच, लहानग्या मनोरमेला घेऊन, समुद्र ओलांडून गेलेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक ठरली. पण क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या आणि रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकही रुग्ण त्यांना स्वतःच्या दवाखान्यात तपासता आला नाही.

'बघा, सांगत होतो,' असं म्हणायला इथे जागा आहे, आणि म्हणणारे तेव्हाही असतील. पण श्रीरामपूरला त्यांनी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं होतं त्याचा रोख असा, की संकट यायला परदेशच लागतो असं नाही, ते घरीही गाठतं. चौदाव्या वर्षी बाळ गमावलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांची तब्येतही हिंदुस्थानात असतानाच बिघडलेली होती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा यांच्या तक्रारी त्या कार्पेंटर मावशींना कळवत आणि मावशी तिकडून औषधं पाठवत.

मी संगणक अभियंता आहे. आमच्या धंद्यात कुठलाही मोठा बदल करण्याआधी जोखमीची यादी करतात. बदल केला तर काय काय बिघडेल, हे लोक भराभर लिहितात. न केला तर काय बिघडेल, हा रकाना रिकामा राहतो, कारण आहे ते चालू आहे असं सगळ्यांना वाटत असतं. एकशे चाळीस वर्षांपूर्वी त्या मुलीने भर सभेत तो दुसरा रकाना भरून दाखवला. मला त्यांचं मोठेपण पदवीपेक्षा यात वाटतं.

पाचव्या प्रश्नाचं दुसरं उत्तर रखमाबाईंनी दिलं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे प्रकरण मिटल्यावर १८८९ मध्ये वैद्यक शिकायला लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी पुढची अनेक वर्षं बायका-मुलांवर उपचार केले. १९५५ मध्ये वारल्या तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. इथे राहण्याची जोखीम काय असते, हे त्यांच्या बाबतीत न्यायालयाच्या निकालातच लिहिलेलं होतं.

आणि अडवणारे नेहमी सनातनीच असतात असं नाही. १९२८ मध्ये इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला निघाल्या, तेव्हा विरोध केला तो सासऱ्यांनी. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी हयात स्त्रीशिक्षणात घातली. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले, कर्ज काढलं आणि त्या गेल्या, डॉक्टरेट घेऊन आल्या. महर्षींना कमी लेखायला हे सांगत नाही. जगाच्या मुलींसाठी झटणाऱ्यालाही घरची सून लांब जाताना पोटात कालवतं, एवढंच यातून समजतं.

आता आपल्याबद्दल थोडं. आपली दहावी १९९६ची. २००४ मध्ये कंपनीने मला वर्षभरासाठी न्यू जर्सीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घरी प्रश्न सुरू झाले. इथे काम नाही का? एकटीच का, टीममध्ये दुसरी मुलगी नाही? आजारी पडलीस तर? आमच्याकडे आजवर कुणी गेलं नाही. चौथ्याची जागा 'परत आल्यावर स्थळं येतील का?' याने घेतली होती. मी भांडण्याच्या तयारीत होते, पण माझ्या आजीने वेगळंच केलं. तिने वहीत प्रश्न लिहून काढले आणि म्हणाली, "एकेकाचं उत्तर आण." मी आणली. राहण्याचा पत्ता, विम्याचे कागद, जवळच्या वाणसामानाच्या दुकानाचं नाव, तिथे असलेल्या एका मराठी कुटुंबाचा फोन. यादी संपली तेव्हा भीती पुष्कळशी ओसरली होती, माझीसुद्धा. कारण ती मलाही होती. फक्त घरच्यांशी वाद घालण्याच्या नादात मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

मी राहत होते ते एडिसन, तिथून रोझेल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. एका सुट्टीच्या दिवशी आगगाडीने हडसन नदीच्या काठाकाठाने पकिप्सीलाही गेले. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या होत्या, आणि मावशींनी त्या तिथल्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. बाकी सगळे दगड मावशींच्या कुटुंबातल्यांचे, मध्ये एक जोशी. त्या दगडापाशी उभी असताना मला पराक्रम वगैरे आठवलं नाही. एका बाईने कधी न पाहिलेल्या मुलीला 'ये, माझ्या घरी उतर' असं लिहिलं होतं आणि शेवटपर्यंत तिला जागा दिली होती, हे आठवलं.

हे सगळं या स्मरणिकेत लिहिण्याचं कारण आहे. आपल्या तुकडीतल्या सगळ्यांनी परदेशी जायला हवं होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांनी विचार करून इथेच राहायचं ठरवलं, त्यांनी हे गाव, ही शाळा आणि आपल्यातल्या कित्येकांचे आईवडील सांभाळले. पण आपल्यातल्या काही जणी, आणि काही जणही, विचार करून राहिले नाहीत. प्रश्नांच्या गर्दीत त्यांना उत्तर शोधायला वेळच मिळाला नाही. ज्यांच्या गुणपत्रिका माझ्यापेक्षा सरस होत्या, अशा मैत्रिणी मला आत्ताही डोळ्यांसमोर दिसतात. त्यांच्या रिकाम्या राहिलेल्या रकान्याचा हिशोब कुणी केला नाही.

आता आपली मुलं सतरा-अठराची झाली आहेत. प्रश्न विचारायची पाळी आपली आहे, आणि आपण ते विचारतोच. विचारायलाच हवेत. आजच्या शैक्षणिक कर्जाचे आकडे, व्हिसाचे नियम, एकटेपणा हे काही खोटे बागुलबुवा नाहीत. फक्त प्रश्न अडवण्यासाठी विचारायचे की उत्तर शोधण्यासाठी, हे आपल्या हातात आहे.

म्हणून स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने एक सूचना करते. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर दरवर्षी दहावीच्या वर्गाला एक तास आपल्या तुकडीने द्यावा. भाषण नको, यशोगाथा नकोत. मुलांनी आपापले प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता लिहावेत आणि आपण खरी उत्तरं द्यावीत. खर्च किती आला, कर्ज किती वर्षांत फिटलं, पहिल्या हिवाळ्यात किती रडलो, आजारी पडल्यावर कुणाला फोन केला. जे गेले त्यांनी बोलावं, जे जाऊन परतले त्यांनी बोलावं, आणि जे गेले नाहीत त्यांनी तर नक्कीच बोलावं. बाहेरगावी असलेल्यांनी फोनवरून यावं. वेळेचं गणित मी जुळवून देते.

कार्पेंटर मावशींसारखं एखादं पत्र आपल्यातल्या प्रत्येकाला लिहिता येईल. ज्यांची तयारी असेल, त्यांनी संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर जुन्या प्रयोगशाळेसमोर भेटावं. वही मी आणते.